यंत्र आणि शेजारधर्म

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात, शिरगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या न्यासाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी संस्थेच्या कार्याचा आढावा घ्यावा, देणगीदारांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. ते काम चिटणीसांनी उत्तम रीतीने केले आहे. मी आज आपल्याला थोडे दूर, अमेरिकेतील दोन धर्मसमाजांकडे नेणार आहे. आमिश आणि मेनोनाइट ही त्यांची नावे. शिरगावच्या सभेत त्यांचे काय काम, असे कोणी मनात म्हणेल. परंतु एका प्रश्नाचा विचार या लोकांनी जितका मन लावून केला आहे तितका फार थोड्यांनी केला असेल, आणि तो प्रश्न आज आपल्याही उंबरठ्यावर उभा आहे. तो प्रश्न असा: नवे यंत्र दारात आले म्हणजे त्याला घरात घ्यावे की नाही, हे कोणी ठरवायचे?

प्रथम या दोघांचे मूळ सांगतो. सोळाव्या शतकात युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी उलथापालथ झाली. १५२५ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरी काही मंडळींनी असा आग्रह धरला की, धर्मदीक्षा तान्ह्या मुलाला देऊ नये. माणूस जाणता झाल्यावर त्याने ती आपल्या इच्छेने घ्यावी. शस्त्र धरू नये, शपथ वाहू नये, हीही त्यांची तत्त्वे. राजसत्ता आणि धर्मपीठे दोघांनीही त्यांचा अमानुष छळ केला. पुढे मेनो सायमन्स नावाच्या डच धर्मगुरूने १५३६ साली आपले पद सोडून या विखुरलेल्या लोकांना धीर दिला. त्याच्या नावावरून त्यांना मेनोनाइट म्हणू लागले. १६९३ साली याकोब आमान नावाच्या एका कडक पुढाऱ्याने शिस्तीच्या प्रश्नावरून वेगळी चूल मांडली. जो दीक्षा घेऊन नंतर नियम मोडतो, त्याच्याशी व्यवहारात किती अंतर ठेवावे, हा वादाचा मुख्य मुद्दा. आमानचे अनुयायी ते आमिश. पुढे दोन्ही शाखांतील पुष्कळ लोक धर्मस्वातंत्र्याच्या ओढीने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांती जाऊन स्थायिक झाले.

म्हणजे हे एकाच आईचे दोन मुलगे. ध्यानात घ्या, फूट पडली त्या वेळी वीज नव्हती, मोटार नव्हती, टेलिफोन नव्हता. भांडण यंत्रावरून झालेच नाही. ते माणसांनी एकमेकांना कसे धरून राहावे, यावरून झाले. यंत्राचा प्रश्न दोनशे वर्षांनी आला, आणि ज्याने त्याने आपल्या जुन्या स्वभावाप्रमाणे त्याचे उत्तर दिले.

आमिश लोकांविषयी आपल्याकडे एक समजूत आहे की, ते यंत्रांचे शत्रू आहेत. ती खरी नाही. त्यांच्या गोठ्यात डिझेलचे इंजिन असते, सुतारशाळेत दाबलेल्या हवेवर चालणारी हत्यारे असतात, काही ठिकाणी छपरावर सूर्यप्रकाशावर चालणारी वीजतबकडीही असते. मात्र सार्वजनिक तारेवरची वीज घरात घ्यायची नाही, असे त्यांच्या बहुतेक मंडळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरविले. मोटार विकत घ्यायची नाही. पण वेळप्रसंगी दुसऱ्याच्या मोटारीत भाडे देऊन बसायला हरकत नाही. टेलिफोन घरात नको. पण रस्त्याच्या कडेला एका लहानशा खोपटात चार शेजाऱ्यांत मिळून एक असला तर चालेल. ऐकणाऱ्याला हा ढोंगीपणा वाटतो. मोटार पाप असेल तर बसता कशाला, आणि पाप नसेल तर घेत का नाही?

याचे त्यांचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. मोटार पाप आहे असे ते म्हणतच नाहीत. दारात मोटार उभी राहिली म्हणजे माणूस सहज पन्नास मैल लांब जातो, आणि पलीकडच्या घरी जायचे राहून जाते, एवढेच ते म्हणतात. घोड्याच्या गाडीने दिवसभरात फार लांब जाता येत नाही. म्हणून गाव गावातच राहते. टेलिफोन घरात असला तर आजाऱ्याची विचारपूस तारेवरून होते. खोपटात असला तर कामापुरता वापरला जातो आणि विचारपुशीला माणूस स्वतः येतो. यंत्र चांगले की वाईट, हा त्यांचा प्रश्न नव्हे. या यंत्राने माझा शेजारी मला नकोसा होईल काय, हा त्यांचा प्रश्न आहे.

हे ठरते तरी कसे? त्यांच्यात पोप नाही, मध्यवर्ती कचेरी नाही, बहुतेक ठिकाणी प्रार्थनामंदिरसुद्धा नाही. प्रार्थना पाळीपाळीने एकेकाच्या घरी होते, म्हणून एका मंडळीत साधारण वीस-चाळीस कुटुंबेच असतात. एका घरात मावतील तेवढीच. वर्षातून दोनदा प्रभुभोजनापूर्वी सारी मंडळी बसून आपल्या नियमांविषयी एकमत आहे की नाही हे पाहते. एकमत नसेल तर प्रभुभोजन लांबणीवर पडते. या नियमांना ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात, आणि ते बहुतांशी अलिखित असतात. त्यामुळे एका मंडळीत जे चालते ते दुसरीत चालत नाही.

एक उदाहरण देतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पेनसिल्व्हेनियातील दूध घेणाऱ्या कंपन्यांनी सांगितले की, यापुढे दूध मोठ्या थंड टाक्यांत साठवलेले असेल तरच आम्ही घेऊ. दूध हा तर आमिश शेतकऱ्याचा पोटाचा धंदा. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कंपन्यांशी बोलणी केली. टाकी घेतली, पण ती तारेवरच्या विजेवर न चालवता डिझेलच्या इंजिनावर चालविली, आणि रविवारी दूध उचलायला गाडी पाठवायची नाही, अशी अट घातली. म्हणजे यंत्र घेतले. परंतु आपला विसाव्याचा दिवस विकला नाही.

आता मेनोनाइटांकडे वळू. त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक आपल्यासारखेच मोटारी चालवतात, संगणक वापरतात, महाविद्यालये आणि रुग्णालये चालवतात. पेहरावावरून तुम्हाला ते ओळखूही येणार नाहीत. जुन्या तत्त्वांतील शांतता आणि सेवा यांवर त्यांनी भर दिला. १९२० साली रशियाच्या दक्षिण भागात दुष्काळाने आणि यादवीने लोक मरू लागले, तेव्हा त्यांनी मेनोनाइट सेंट्रल कमिटी ही मदत संस्था स्थापन केली. ती आजही अनेक देशांत काम करते. आपल्या देशात तर ते त्याही आधी आले. १८९९ साली, मध्य प्रांतात दुष्काळ असताना, अमेरिकन मेनोनाइट मिशनचे लोक धमतरी येथे उतरले. नागपूर राजधानी असलेल्या त्या प्रांतातील धमतरी आज छत्तीसगडमध्ये आहे. तेथे त्यांनी सुरू केलेले रुग्णालय आजही चालू आहे.

दोघांतील भेदाचे मर्म येथे सापडते, असे मला वाटते. ज्याला दूरच्या दुःखितापर्यंत पोहोचायचे आहे त्याला आगगाडी, मोटार, तारायंत्र सारे हवे. ज्याला जवळचा शेजारी टिकवायचा आहे त्याला घोडागाडी पुरते. आमिश शेतकऱ्याचे कोठार जळाले तर पंचक्रोशीतील माणसे जमून थोड्याच दिवसांत नवे उभे करतात. म्हातारपणी सरकारी पेन्शन नको, आमचे आम्ही पाहू, असे त्यांनी सरकारला सांगितले आणि १९६५ साली अमेरिकी कायद्याने त्यांना त्या योजनेतून सूट दिली. एकाचा धर्म आत वळून घर सांभाळतो, दुसऱ्याचा बाहेर पडून जग पाहतो. आणि यंत्राची निवड त्या धर्माच्या मागून येते.

शिवाय या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी पायऱ्या आहेत. जुन्या वळणाच्या मेनोनाइटांत १९२७ साली मोटारीवरून फूट पडली. मोझेस हॉर्निंग यांच्या बाजूच्या लोकांनी मोटार घेतली, पण डौल नको म्हणून तिचे चकचकीत भाग काळे रंगविले. जोसेफ वेंगर यांच्या बाजूच्या लोकांनी घोडागाडी ठेवली. मात्र शेतात ट्रॅक्टर चालू दिला, आणि तोही लोखंडी चाकांचा, म्हणजे तो घेऊन कोणी बाजाराला निघणार नाही. यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढेच आहे. फूट पडली, तरी प्रार्थनागृहे त्यांनी वाटून मोडली नाहीत. एका रविवारी मोटारवाले आणि दुसऱ्या रविवारी घोडेवाले, अशा रीतीने अनेक ठिकाणी तीच वास्तू दोघांनी वापरली. आपल्याला यात नवल वाटू नये. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण ही आपल्या लईराईची बहीण, असे आपण मानतो, आणि दोघींकडची तेल-फुलांची देवघेव अजून चालू आहे. घरे वेगळी झाली तरी नाते तुटत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अशीच उदाहरणे आपल्या आसपासही आहेत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात मराठी बोलणारा मोठा दिगंबर जैन समाज आहे. त्यांचे मुनी वाहनात बसत नाहीत. अनवाणी चालतात, मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढेच जवळ बाळगतात, दिवसातून एकदा उभ्याने हाताच्या ओंजळीत आहार घेतात. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज याच वाटेने दक्षिणेतून उत्तर हिंदुस्थानापर्यंत पायी गेले, आणि १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेऊन त्यांनी देह ठेवला. त्याच समाजात कोल्हापूर आणि नांदणी येथे भट्टारकांचे मठ आहेत. भट्टारक वस्त्रे नेसतात, वाहनातून फिरतात, मठ, ग्रंथ आणि शाळा यांची व्यवस्था पाहतात. मुनी आणि भट्टारक यांत थोर कोण, हा वाद आपण करू नये. एकाने व्रत जपायचे आणि दुसऱ्याने संस्था, अशी ती वाटणी आहे. श्वेतांबरांच्या स्थानकवासी पंथात प्रवचनाला ध्वनिवर्धक वापरावा की नाही, विजेत अग्निकायिक जीवांची हिंसा होते की नाही, यावर कित्येक वर्षे वाद झाले. तेरापंथाचे आचार्य तुलसी यांनी १९८० साली साधू आणि गृहस्थ यांच्या मधली ‘समण’ श्रेणी काढली. पायी चालणाऱ्या साधूंना जेथे जाता येत नाही तेथे, परदेशीसुद्धा, या समण-समणींनी वाहनाने जावे, असा त्यामागील हेतू होता. व्रत मोडले नाही, आणि कामही अडले नाही.

आणि आपण? वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला जे धोंड येतात, ते आज बसने येतात, मोटारीने येतात, खिशात मोबाइल असतो. परंतु व्रताचे दिवस सोवळ्याने राहायचे, हाती वेताची काठी धरायची, तळीत स्नान करायचे आणि पहाटे होमकुंडातील निखाऱ्यांवरून जायचे ते अनवाणीच. त्या शेवटच्या पावलांसाठी कोणी यंत्र शोधून काढले नाही आणि काढले तरी कोणी वापरणार नाही. येथवर यंत्र, येथून पुढे आपण, ही रेघ आपल्या पूर्वजांनी पुस्तकात न लिहिता आखून दिली आहे. त्या अर्थाने ‘ऑर्डनुंग’ शिरगावलाही आहे.

मात्र एक रेघ असली की सर्व रेघा आहेत, असे समजणे धोक्याचे आहे. २०२५ च्या मे महिन्यात याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांची चौकशी झाली आहे. त्यात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की, वाहने माणसांना आणून सोडतात, पण देवळाकडची वाट त्यामुळे रुंद होत नाही. येणारे किती आणि वाट केवढी, याचा विचार आता गावाला दरवर्षी बसून करावाच लागेल.

दुसरी गोष्ट खाणींची. लोहखनिजाच्या खाणींनी डिचोली तालुक्याला पैसा दिला, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही. कोणी ट्रक घेतले, कोणाची मुले शिकली, कोणाची घरे उभी राहिली. पण खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला, पंप रात्रंदिवस चालले, विहिरींचे झरे आटले, शेतांत माती वाहून आली. पुढे २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ज्यांनी कर्जे काढून ट्रक घेतले होते त्यांच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आली. आता लिलावाने पट्टे पुन्हा दिले गेले आहेत, आणि घरे, देवळे, शेते सीमेबाहेर ठेवा, अशी मागणी या तालुक्यातील गावांना करावी लागत आहे. मी खाण हवी की नको याचा निवाडा देत नाही. तो माझा अधिकार नाही. मी एवढेच पाहतो की, यंत्र आले तेव्हा गावाला कोणी विचारले नाही, आणि ते बंद पडले तेव्हाही विचारले नाही. आमिश शेतकऱ्याने दुधाच्या टाकीला अट घातली. आपल्याला पंपाला अट घालता आली नाही. तो आपल्याहून शहाणा होता म्हणून नव्हे. अट घालायला बसण्याची सवय त्याच्या गावाला होती, आणि टाकीचा मालक तो स्वतः होता.

या लोकांची मी स्तुती केली, म्हणून त्यांच्या वाटेचे काटेही सांगणे प्राप्त आहे. आमिश मुलांचे शालेय शिक्षण आठव्या इयत्तेवर थांबते. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तशी मुभा दिली. ज्या मुलीला डॉक्टर व्हायचे असेल तिला ते घर सोडावे लागते. त्यांच्यात धर्माधिकारी पुरुषच असतात. दीक्षा घेऊन पुढे नियम मोडणाऱ्याला पंक्तीला बसवीत नाहीत. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्या देशात सांगायला नको. जातपंचायतींनी त्याचा इतका दुरुपयोग केला की, महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत करावा लागला. तेव्हा त्यांची बैठक घ्यावी, त्यांचा बहिष्कार घेऊ नये. आमिश लोकांची संख्या आज सुमारे चार लाखांवर गेली आहे आणि त्यांची दहापैकी आठांहून अधिक मुले मोठेपणी आपल्या इच्छेने दीक्षा घेतात, ही गोष्ट खरी. पण जो निघून जातो तोही आपलाच मुलगा असतो, हे कोणत्याही समाजाने विसरता कामा नये.

आता आपल्या न्यासाविषयी दोन शब्द बोलून संपवितो. पूर्वी आपले सभासद वर्गणीसाठी घरोघरी फिरत. त्यात पायपीट होती. पण कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाची मुलगी शाळेतून काढली आहे, कोणाकडे तांदूळ संपला आहे, हे न विचारता कळत असे. आज मुंबईतील, आखातातील, लंडनमधील आपला बांधव मोबाइलवरून क्षणात पैसे पाठवितो आणि ते गरजूच्या खात्यात जाऊन पडतात. हे चांगलेच आहे. हा मेनोनाइटाचा धर्म झाला, आणि दूर गेलेल्या मुलांना गावाशी जोडणारे याहून चांगले साधन नाही. परंतु पैसे खात्यात पडले आणि उंबरठ्यावर कोणी गेलेच नाही, तर मदत पोहोचली असे म्हणता येईल का? रुग्णालयाचे बिल भरले गेले. पण रात्री उशाशी कोण बसले?

म्हणून माझी एक विनंती आहे. वर्षातून दोनदा, सोयीच्या तिथीला, न्यासाच्या सभासदांनी कुटुंबासह एकत्र बसावे. हिशेबाची सभा वेगळी ठेवावी. या बैठकीत नव्याने आलेल्या एकेका गोष्टीविषयी तीनच प्रश्न विचारावेत: याने कोणाचे काम सोपे होईल? याने कोणाकडे जाणे बंद होईल? आणि घेतलेच तर कोणत्या अटीवर? बायकांनी बोलावे, तरुणांनी बोलावे. मोबाइलविषयी तर मुलांनीच प्रथम बोलावे, कारण त्याचे गुणदोष त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक आहेत. एकमत होईल असे नाही. न झाले तर हॉर्निंग आणि वेंगर यांच्या लोकांसारखे आळीपाळीने त्याच वास्तूत बसू, पण वास्तू मोडणार नाही. आणि वर्गणी खात्यावर आली तरी वर्षातून एकदा प्रत्येक घरी न्यासाचा एक माणूस पायी जाईल, एवढा एक नियम आजच करावा, असे मला सुचवावेसे वाटते.

पुढील पन्नास वर्षांत कोणती यंत्रे येतील हे सांगता येत नाही. ती येतील तेव्हा त्यांना दारात थांबवून ‘बसा, आम्ही ठरवितो’ असे म्हणण्याइतके बळ आपल्या गावात असावे, एवढे मागणे मी देवी लईराईच्या चरणी मागतो आणि आपली रजा घेतो.